राणीच्या बागेत घरच्यांसोबत गेल्यावर फुलांचे आणि किड्यांचे फोटो नीट कसे काढता?

अबोली_कल्याण

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच इथे लिहितेय, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

मागच्या रविवारी आम्ही सगळे राणीच्या बागेत गेलो होतो. सगळे म्हणजे मी, नवरा, मुलगा (सात वर्षं), मुलगी (चार) आणि सासूबाई. सकाळची लोकल पकडून भायखळ्याला उतरलो आणि चालतच गेलो. मुलांना पेंग्विन बघायचे होते, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना कुठेतरी सावलीत बसायचं होतं, नवऱ्याला दुपारच्या आत घरी परतायचं होतं, आणि मला फुलांचे आणि फुलांवर येणाऱ्या किड्यांचे फोटो काढायचे होते. लग्नाआधी घेतलेला डीएसएलआर आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी झूम लेन्स आहे, मधली आठ वर्षं तो कपाटातच होता. आता मुलं जरा मोठी झाली म्हणून परत बाहेर काढलाय आणि मला हे मनापासून परत सुरू करायचंय.

घरी येऊन बघितलं तर १४० फोटो, त्यातले ठेवावेसे वाटले फक्त तीन. फुलपाखराच्या मागे गेले की ते पुढच्या झुडपावर, तिथे गेले की त्याच्या पुढच्या, असं करत करत मी कुठल्या कुठे आणि घरचे पेंग्विनच्या रांगेत माझी वाट बघत उभे. लाल जास्वंदीचे आठ-दहा फोटो काढले, सगळ्यात नुसता लाल डाग आलाय, पाकळीवरच्या शिरा नाहीत, सुरकुत्या नाहीत, काहीच नाही. फोनच्या मॅक्रो मोडने मुंगळ्याचा फोटो काढला तर तो तेलकट काचेतून बघितल्यासारखा आला. आणि एक मोठा काळा भुंगा होता, इतका सुंदर, पंखांवर निळी-जांभळी चमक होती त्याच्या, त्याच्या प्रत्येक फोटोत तो अर्धा फ्रेमच्या बाहेर.

पुढच्या महिन्यात परत जायचंय, मुलाने तसं प्रॉमिस घेतलंय. तर नवीन लेन्स घ्यावीच लागेल का? कुठल्या वेळी काढायचे? आणि मुख्य म्हणजे जे लोक मुलांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जातात ते हे कसं जमवतात? एकटं जा असं कृपया सांगू नका, एकटीला रविवार मिळत नाही आणि मला घरच्यांसोबतच जायचंय.

टाचणी

स्वागत अबोली! मला दोन मुली आहेत, धाकटी पोटाला बांधलेली असतानाही फोटो काढलेत, त्यामुळे हे जमतं एवढं नक्की सांगतो.

आधी एक गोष्ट, तुम्ही फेब्रुवारीत गेलात. आपल्याकडे फुलपाखरांचा खरा हंगाम पावसाच्या शेवटी-शेवटी सुरू होतो, सप्टेंबर-ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेव्हा झाडांना कोवळी पालवी असते, अळ्यांना खायला असतं. सप्टेंबरमध्ये देशभर फुलपाखरांच्या नोंदी करायचा महिनाच पाळतात, तो उगीच नाही. आत्ता उन्हाळ्याच्या तोंडावर फुलपाखरं कमी पण झाडं मात्र फुलायला लागलेली असतात. म्हणून पुढच्या महिन्यात जाल तेव्हा फुलपाखरू मिळालंच पाहिजे असं धरून जाऊ नका, फुलं आणि त्यावरच्या माश्या-भुंगे यांच्यासाठी जा, फुलपाखरू आलं तर आलं.

आता पळण्याबद्दल. मागे जायचंच नाही. फुलपाखरू मध प्यायला फिरत असतं तेव्हा त्याचा एक फेरा असतो, ज्या झुडपावरून उडालं तिथेच थोड्या वेळाने तेच किंवा दुसरं येतं. एक्झोरा, घाणेरी, ते निळ्या तुऱ्याचं स्टॅकीटार्फेटा, असं काहीही फुललेलं दिसलं की तिथे बसा, सूर्य तुमच्या पाठीच्या एका बाजूला राहील असं बसा म्हणजे तुमची सावली झुडपावर पडणार नाही. सावली सरकली की किडा उडालाच, त्याच्या दृष्टीने ती पक्ष्याची सावली असते. वीस मिनिटं एकाच झुडपाशी. तुमच्या सासूबाईंना सावलीत बसायचंय ना, मग त्यांच्या बाकाच्या जवळचं झुडूप निवडा, हाच घरच्यांसोबत जमवायचा मार्ग आहे, मी तरी हाच शोधून काढलाय. आमच्याकडे माझी आई बसायची, मुली तिच्याजवळ, आणि मी चार पावलांवर. कोणाला कोणाची वाट बघावी लागत नाही.

आणि घाणेरीकडे नीट बघा, एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुलं असतात. पिवळी ताजी, मध त्यात. जुनी झाली की रंग बदलतो. फुलपाखरं बहुतेक पिवळ्यांवरच सोंड घालतात, म्हणजे ते पुढे कुठे सरकणार हे तुम्हाला आधीच कळतं, कॅमेरा तिथे रोखून ठेवा.

सुरुवात बिबळ्या कडव्यापासून करा (प्लेन टायगर, नारिंगी, पंखांच्या टोकाला काळं-पांढरं). हे वर्षभर दिसतं आणि संथ उडतं, कारण त्याची अळी रुईची पानं खाऊन वाढते, ते विष अंगात मुरलेलं असतं, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून त्याला घाई नसते. आणि फुलावर बसलं की बऱ्याचदा पंख मिटून स्वस्थ बसतं. याउलट लिंबावरची, कढीपत्त्यावरची जी मोठी काळी फुलपाखरं असतात, मॉर्मन वगैरे, ती मध पितानासुद्धा पुढचे पंख सतत फडफडवत असतात. त्यांना शटर सेकंदाच्या १/१००० पेक्षा हळू ठेवलंत तर पंख पुसट येणारच, कॅमेऱ्याचा दोष नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० करा, १६०० करा, फोटोत थोडे दाणे आले तर चालतात, हललेला फोटो चालत नाही.

जुना_लेन्सवाला

लेन्स लगेच घेऊ नका ताई. १८-५५ ला लोक उगाच नावं ठेवतात. ती ५५ वर, म्हणजे पूर्ण झूमवर फिरवा आणि जेवढं जवळ फोकस होतं तेवढं जवळ जा, साधारण पंचवीस सेंटीमीटर, हे अंतर लेन्सच्या काचेपासून नाही हां, आतल्या सेन्सरपासून मोजतात, म्हणजे काच फुलाच्या अगदी जवळ येते. तेवढ्या जवळून साडेसहा-सात सेंटीमीटर रुंदीची चौकट भरते. लिंबाचं फुलपाखरू पंख पसरून ८-१० सेंटीमीटर भरतं, आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत तर १२-१५, म्हणजे मोठ्या फुलपाखरांना तुमच्याकडची लेन्स पुरून उरते. तुमचा तो काळा भुंगाही त्यात छान मावेल. कमी पडेल ती मुंगी, छोट्या माश्या यांच्यासाठी.

त्यांच्यासाठीसुद्धा मॅक्रो लेन्स घ्यायच्या आधी लेन्सच्या पुढे अडकवायचं क्लोजअप भिंग घ्या. रेनॉक्सचं २५० नंबरचं मी आठ-दहा वर्षं वापरतोय. पण ते ५५-२५० सारख्या लांब लेन्सवर खरं खुलतं, तिथे पूर्ण लांबीला लावलंत तर एक सेंटीमीटरची मुंगी चौकट भरते. लांब लेन्स कोणा नातेवाईकाकडे पडून असेल तर आधी मागून बघा.

जास्वंदीबद्दल. लाल फुलाला कॅमेरा फसतो. पानं गडद हिरवी असतात म्हणून कॅमेरा सगळाच उजेड वाढवतो आणि लाल रंग भरून ओसंडतो, मग त्यात बारकावे उरतच नाहीत आणि नंतर कम्प्युटरवरही परत आणता येत नाहीत. एक्स्पोजर उणे ०.७ किंवा उणे १ करा, स्क्रीनवर फोटो जरा काळपट वाटला तरी तसाच ठेवा, घरी थोडा उजळवा. कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) असेल तर लालवाला उजव्या भिंतीला टेकलाय का तेवढं बघायचं. आणि भर उन्हात जास्वंद काढूच नका, नवऱ्याला छत्री धरायला सांगा फुलावर, सावलीतल्या मऊ उजेडात पाकळीच्या शिरा आपोआप दिसतात. फोनवर असेल तर फुलावर बोट ठेवून ते सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं, तेच काम.

फोनच्या मॅक्रोचं म्हणाल तर बऱ्याच फोनमध्ये तो वेगळा कॅमेरा फक्त दोन मेगापिक्सलचा असतो, त्याच्याकडून काय अपेक्षा करणार. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने टू एक्स करून थोडं लांबून काढा आणि मग कापा. फरक बघून तुम्हीच सांगाल.

सँडी_नाशिक

मला एकाने सांगितलं होतं की किडा पकडून डबीत घालून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला की तो हलत नाही आणि मग आरामात फोटो काढता येतात, आणि फुलांवर साखरेचं पाणी फवारलं की फुलपाखरं येतात. कोणी करून बघितलंय का, घरच्या बाल्कनीत वगैरे? विचारायचं कारण माझ्याकडे फोनची क्लिप लेन्स आहे आणि तिला फारच जवळ जावं लागतं.

टाचणी

सँडी, हे करू नका, कळकळीने सांगतो. गारठलेला किडा बाहेर आला की त्याला परत ऊब धरेपर्यंत पळता येत नाही आणि तेवढ्यात त्याला सरडा खातो नाहीतर मुंग्या धरतात. कित्येकदा तो मरतोच. आणि तसा फोटो बघणाऱ्याला कळतो हो, पाय आवळलेले असतात, मिशा पडलेल्या असतात, जिवंत किड्याचा डौल त्यात नसतो. आपण लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो, मीही बांधलाय, तेव्हा कळत नव्हतं, अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं मला. साखरेच्या पाण्यालाही माझा विरोध आहे, मुंग्यांची रांग लागते, फूल चिकट होऊन बुरशी धरतं, आणि सार्वजनिक बागेत तर दुसऱ्याच्या झाडावर काहीही फवारायचा आपल्याला काय हक्क.

क्लिप लेन्ससाठी साधा उपाय म्हणजे सकाळी लवकर. रात्रभर गारव्यात राहिलेले किडे नैसर्गिकच संथ असतात. नाशिकला थंडी चांगली असते, डिसेंबर-जानेवारीत साडेसहा-सातला बाल्कनीतल्या तुळशीवर, गवतावर बघा, टाचण्या (चतुराचे बारीक भाऊबंद) दव अंगावर घेऊन बसलेल्या असतात, हात लावायची गरजच नाही.

वडाची_पारंबी

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. फोटोग्राफीतलं मला कळत नाही पण राणीच्या बागेतली झाडं माझ्या ओळखीची आहेत, आमच्या बॅचेस दरवर्षी तिथे न्यायचो. लोक तिला प्राण्यांची बाग म्हणूनच ओळखतात याचं मला फार वाईट वाटतं. १८६२ साली सुरू झालेली ती मुळात झाडांची बाग आहे, कुठून कुठून आणून लावलेली, मुंबईच्या मध्यात इतक्या प्रकारची झाडं एका जागी दुसरीकडे कुठे बघायला मिळणार.

अबोली, तू पुढच्या महिन्यात जाशील तर तीन झाडं विचारून शोध. पहिलं कैलासपती. त्याची फुलं फांदीच्या टोकाला नाही, सरळ खोडावर येतात, डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे फोटोला यासारखं सोयीचं झाड नाही. फुलात शिवपिंडीवर नागाने फणा धरल्यासारखं दिसतं म्हणून हे नाव, झाड मात्र मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. या फुलात मध नसतो. वास तर इतका येतो, मग भुंगे येतात ते कशाला, तर पराग खायला. आणि इथे फुलाने काय युक्ती केलीय बघ. पराग दोन प्रकारचे आहेत. त्या फण्यातले पराग नुसते खाऊ म्हणून, त्यातून बी धरत नाही. खालच्या चकतीवर जे पुंकेसर आहेत त्यांचे पराग खरे. भुंगा फण्यातला खाऊ खायला मधल्या फटीत शिरतो तेव्हा खालचे खरे पराग त्याच्या पाठीला माखतात, आणि ते घेऊन तो पुढच्या फुलात शिरतो. तू म्हणालीस तो निळ्या-जांभळ्या पंखांचा काळा भुंगा हे काम करणाऱ्यांपैकीच. त्याच्या काळ्या पाठीवर पिवळट भुकटी लागलेली दिसली की समज तो आत्ताच एका फुलातून निघालाय. तो फोटो मिळाला तर मला जरूर दाखव, मी ही गोष्ट तीस वर्षं फळ्यावर खडूने काढून दाखवलीय. फूल एकच दिवस टिकतं, सकाळी ताजं असतं, म्हणून गेल्या गेल्या आधी त्याच्याकडे जा, पेंग्विन नंतर.

दुसरं सीता अशोक, खरा अशोक हाच. केशरी गुच्छ असतात, पण त्यात पाकळी एकही नाही, ज्याला आपण पाकळ्या समजतो ती रंगीत संदलं (एरवी कळीला झाकणारी हिरवी दलं) आहेत. उमलताना पिवळट-केशरी आणि मग लाल होत जातात, एकाच गुच्छात सगळ्या छटा मिळतील. तिसरं उर्वशी, मूळची म्यानमारची, खाली लोंबणारे लालचुटुक घोस आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. लेडी अ‍ॅमहर्स्ट या इंग्रज बाईंच्या नावावरून तिचं शास्त्रीय नाव आहे, मला आपलं उर्वशीच आवडतं. ती फुललेली दिसली तर खाली जमिनीवर बसून वर बघत फोटो काढ.

आणि सासूबाईंना नुसतं बाकावर बसवू नकोस गं. त्यांना विचार काय ओळखीचं दिसतंय. माझ्या वयाच्या बायकांना झाडांबद्दल जेवढं माहीत असतं तेवढं आम्ही विद्यार्थ्यांना तीन वर्षांत देऊ शकत नव्हतो.

कोथरूडचा_भटक्या

पुण्याला येणं झालं तर एम्प्रेस गार्डन बघा, जुनी मोठी झाडं आणि वेली आहेत. जानेवारीच्या शेवटी तिथे पुष्पप्रदर्शन भरतं पण तेव्हा फोटोला जाऊ नका, फुलं अप्रतिम असतात पण गर्दीत एका कुंडीसमोर दहा सेकंद उभं राहता येत नाही. तुम्हाला जवळ म्हणजे ठाण्याची ओवळेकर वाडी, घोडबंदर रोडवर, रविवारी सकाळी उघडी असते, सगळी झाडं फुलपाखरांसाठीच लावलेली आहेत. पाऊस संपल्यावर मुलांना घेऊन जा. अळ्यांसाठी कुठलं झाड, मधासाठी कुठलं, हे सगळं एका जागी बघायला मिळतं.

अबोली_कल्याण

बापरे, इतकं सगळं! सगळ्यांना थँक्यू. पारंबीताई तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला, त्या म्हणाल्या या बाईंना आपल्या घरी बोलव.

एक शंका. फ्लॅश वापरायचा का? माझ्याकडे वेगळा नाहीये, कॅमेऱ्यावरचा उडी मारून वर येणाराच आहे.

जुना_लेन्सवाला

तो नुसता वापरलात तर किड्याच्या पाठीवर एक पांढरा ठिपका आणि मागे काळोख, भुंग्यासारख्या चकचकीत अंगावर तर फारच वाईट दिसतं. आणि १८-५५ इतक्या जवळ नेलीत की फ्लॅशच्या उजेडात लेन्सचीच सावली पडते. त्यापेक्षा घरातला थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरा जाड कागद घेऊन जा, वहीच्या पानाएवढा पुरे. सूर्याच्या विरुद्ध बाजूने मुलाला तो धरायला द्या, सावलीच्या बाजूला उजेड परत फेकला जातो. मुलाला काम मिळतं हा दुसरा फायदा.

फोकस डोळ्यावर हां. किड्याचा डोळा स्पष्ट असेल तर बाकी पुसट चालतं, उलटं चालत नाही. फुलपाखराने पंख मिटले असतील तर कॅमेरा पंखाला अगदी समांतर धरा, इतक्या जवळून जेमतेम काही मिलीमीटर जाडीचाच थर स्पष्ट येतो, तिरके उभं राहिलात की अर्धा पंख गेला.

अबोली_कल्याण

मंडळी, काल जाऊन आलो! रात्री लिहायचं होतं पण झोपच आली.

या वेळी आधी घरात ठरवून घेतलं. सगळ्यांना सांगितलं की गेल्या गेल्या एक तास माझा, मग पेंग्विन, मग डबे. नवऱ्याने छत्री घेतली (मार्चमध्ये छत्री घेऊन लोकलमध्ये चढलेले आम्हीच असू), मुलाने थर्माकोल, मुलीला एक छोटं भिंग दिलं आणि सांगितलं की तुझं काम किडे शोधायचं, हात लावायचा नाही, बोट दाखवायचं आणि हळू आवाजात बोलवायचं. ओरडली नाही हो ती! दर पाच मिनिटांनी येऊन माझा कुर्ता ओढायची आणि कानात सांगायची. तिची उंची झुडपांच्या पानांच्या खालच्या बाजूइतकी, त्यामुळे तिला जे दिसत होतं ते आम्हा कोणालाच दिसत नव्हतं. पानाखालची अळी, पानाखालचीच इवलीशी गोल अंडी, खोडाला चिकटलेली कुंभारणीची मातीची मडकी, हे सगळं तिने शोधलं.

कैलासपती सापडला. खूप फुलं होती, खाली जमिनीवरही सडा. सासूबाईंनी आधी हात जोडले, मग एक पडलेलं फूल उचलून ओंजळीत धरलं आणि मला म्हणाल्या, आता सांग ते भुंग्याचं. मी पारंबीताईंचं सगळं त्यांना परत सांगितलं, फणा कुठला, चकती कुठली, आणि त्यांनी करंगळी त्या फटीत घातली आणि बाहेर काढली तर करंगळीच्या वरच्या बाजूला पराग! मला इतका आनंद झाला, तो फोटो मी काढलाय, करंगळीचा, माझ्या मते कालचा सगळ्यात चांगला फोटो तोच. मग मुलगा पण, मग नवरा पण, सगळ्यांनी पडलेल्या फुलात बोट घालून बघितलं.

आणि भुंगा आला. मी एका ताज्या फुलाशी कॅमेरा रोखून बसले होते, ५५ वर, जवळात जवळ, शटर १/१०००, आयएसओ १६००, नवऱ्याची छत्री फुलावर. पहिल्यांदा आला आणि मी घाईत हलले, गेला. पारंबीताईंचं फळ्यावरचं चित्र डोक्यात होतं म्हणून बसून राहिले. दहा-बारा मिनिटांनी परत आला, तोच की दुसरा माहीत नाही, आत शिरला, फुलाची ती चकती त्याच्या वजनाने थरथरत होती, आणि मागे मागे सरकत बाहेर आला तेव्हा पाठीवर पिवळी भुकटी, अगदी हळद सांडल्यासारखी. सहा फोटो मिळाले, त्यातल्या एकात डोळा स्पष्ट आहे. जोडलाय खाली, पहिला.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्या मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या माझ्याशी माहेरच्या गोष्टी फारशा बोलत नाहीत, काल बकुळीखाली बसल्या आणि बोलायलाच लागल्या. बकुळीची फुलं वेचून पदरात घेतली (जमिनीवरची, तोडली नाहीत). मग त्यांच्या घराजवळच्या सुरंगीचं सांगितलं, या दिवसांतच ती फुलते, पहाटे झाडावर चढून कळे काढायचे कारण उमलले की वास उडतो, आणि झाडावर हुमले असायचे, ते लाल मुंगळे, असे कडकडून चावायचे की त्यांच्या भावाने एकदा अख्खी परडी वरून टाकून दिली होती. आणि तिथेच शेजारच्या झाडावर त्यांनी मला हुमल्यांचं घर दाखवलं, पानं एकमेकांना शिवलेली, मी दोनदा त्याच्या खालून गेले होते आणि मला दिसलं नव्हतं. मुलाने विचारलं सुई कुठून आणतात. त्याचं उत्तर मला देता आलं नाही, कोणी सांगाल का?

जास्वंद उणे १ वर काढली, छत्रीच्या सावलीत. शिरा दिसतायत! लेन्सवाले दादा, शिरा दिसतायत, आणि मधल्या दांड्यावरचे पिवळे कणसुद्धा मोजता येतात.

फुलपाखरं कमीच होती, टाचणी म्हणाले तसंच. एक नारिंगी मिळालं, दुसरा फोटो. ते कडवंच आहे ना? तिसरा फोटो हुमल्यांच्या घराजवळच्या पानावरचा आहे. तो तितकासा स्पष्ट नाही पण मुलगा म्हणतोय की ही मुंगी उडी मारत होती आणि पडली तेव्हा दोऱ्याला लटकली. मी त्याला म्हटलं मुंग्या दोरा काढत नाहीत, तर तो रुसलाय, कारण त्याने नीट बघितलंय म्हणे.

वडाची_पारंबी

अबोली, पहिला फोटो मी प्रिंट काढून भिंतीवर लावणार आहे, तुझी परवानगी आहे असं समजते. करंगळीची कल्पना माझ्या डोक्यात तीस वर्षांत आली नव्हती. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग, आणि सुरंगीच्या कळ्यांचं त्यांनी सांगितलंय ते लिहून ठेव, तारीख घालून.

सुईचं उत्तर मुलाला असं दे. त्या मुंग्यांची अळी रेशीम काढते. मोठ्या मुंग्या साखळी करून दोन पानं जवळ ओढून धरतात आणि बाकीच्या आपल्या अळ्या तोंडात धरून या पानावरून त्या पानावर फिरवतात, अळीच सुई आणि अळीच दोरा. म्हणून त्या अळ्यांना स्वतःसाठी कोष करायला रेशीम उरतच नाही.

टाचणी

मस्त काम केलंत अबोली. दुसरा फोटो बिबळ्या कडवाच आहे, आणि नर आहे. मागच्या पंखावर मध्यभागी काळे ठिपके आहेत ना, मादीला तीन असतात, याला चार आहेत, आणि चौथा जरा मोठा, मध्ये पांढुरका. तो त्याचा गंधाचा कप्पा. बागेच्या कडेला कुठे सुकलेला खुळखुळा दिसला तर तिथे थांबा कधी, हे नर त्याच्या वाळक्या फांद्यांना सोंड लावून बसतात, मादीसाठी लागणाऱ्या गंधाचा माल त्यांना त्यातून मिळतो, आणि तेव्हा ते इतके गुंग असतात की हातभर अंतरावरून फोटो मिळतो.

तिसऱ्याबद्दल. आधी मुलाची समजूत काढा, त्याचं बरोबर आहे. फोटो मोठा करा आणि दोघं मिळून पाय मोजा. पुढचे दोन वर उचलून धरलेत, ते मिशा नाहीत.

अबोली_कल्याण

आठ!! आत्ता मोजले, तीनदा. म्हणजे कोळी?

टाचणी

उड्या मारणारा कोळी. हुमल्यांचं सोंग घेऊन त्यांच्या घराजवळच राहतो, त्या चावतात म्हणून त्यांच्यासारख्या दिसणाऱ्याच्या वाटेला कोणी जात नाही. खरी मुंगी आणि हा, यांत फरक करायचा तर पाय मोजायचे आणि डोळे बघायचे, याचे पुढचे दोन डोळे गाडीच्या दिव्यासारखे मोठे असतात. घाबरला की पानावरून उडी टाकतो आणि धाग्याला लोंबकळतो, मुलाने सांगितलं अगदी तेच. नराचे जबडे तर इतके लांब असतात की मुंगीने तोंडात दुसरी मुंगी धरल्यासारखं वाटतं, तुमच्या फोटोत तसं नाही, म्हणजे ही मादी किंवा लहान पिल्लू. फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाका, तारीख आणि जागा घालून, आणि कोणाला दिसला याबद्दल टिपणात काय लिहायचं ते मुलालाच विचारा.

अबोली_कल्याण

टाकला. तो म्हणाला माझं पण लिही आणि पाय मोजायला बाबा होते, त्यांचं पण. सासूबाईंना दाखवला तर त्या चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, आमच्या सुरंगीवर पण असतील गं हे, आम्ही सगळ्यांना हुमलेच समजायचो. मे महिन्यात वेंगुर्ल्याला जायचं ठरतंय. तेव्हा सुरंगी संपलेली असेल पण झाड तिथेच आहे, आणि लेन्सवाले दादा, दिराकडे ५५-२५० निघाली.